खोबणीचे आयुष्य

संगणक विकत घ्यावयास गेलेल्या माणसाला दुकानदार जे आकडे सांगतो ते सारे त्या दिवसाचे असतात. यंत्र आज किती वेगाने चालेल, त्यात आज किती माहिती मावेल, हे त्याला नेमके कळते. परंतु सात-आठ वर्षांनी त्या यंत्राचे काय होईल, हे त्या आकड्यांत कोठेही लिहिलेले नसते. ज्याला दर वर्षी नवे यंत्र परवडते त्याने ह्याची फिकीर करण्याचे कारण नाही. पण एखादी शाळा, एखादा लहानसा छापखाना, हिशेबनिसाची कचेरी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी पै-पै बाजूला टाकणारे कुटुंब एकदा यंत्र घेते, ते दहा वर्षे पुरावे ह्या हिशेबाने घेते. अशा ग्राहकाला यंत्राच्या वेगापेक्षा त्याच्या आयुष्याचा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा असतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी यंत्राच्या पोटातल्या एका चौकोनी खोबणीत दडलेले असते. संगणकाची सर्व आकडेमोड करणारा प्रोसेसर हा तळहातावर सहज मावणारा तुकडा. तो मदरबोर्ड नावाच्या मोठ्या पाटीवरील खोबणीत बसवतात. तिलाच सॉकेट म्हणतात. मेजावरच्या संगणकांसाठी खुल्या बाजारात सुटे प्रोसेसर विकणाऱ्या प्रमुख कंपन्या दोन, इंटेल आणि एएमडी. एकीचा प्रोसेसर दुसरीच्या खोबणीत बसत नाही. इतकेच नव्हे, तर पुष्कळदा एकाच कंपनीचा नवा प्रोसेसर तिच्या स्वतःच्या जुन्या खोबणीतही बसत नाही. मेमरी कोणत्या जातीची लागेल हेही ह्याच निवडीवर ठरते. म्हणून प्रोसेसर निवडणे म्हणजे एक सुटी वस्तू निवडणे नव्हे. ती एका घराण्याशी जोडलेली सोयरीक होय, आणि त्या घराण्याचे पुढचे निर्णय ग्राहकाच्या हातात नसतात.

२०१७ साली अशी सोयरीक जोडणाऱ्यापुढे दोन स्थळे होती. जानेवारीत इंटेलने आपल्या सातव्या पिढीचे प्रोसेसर बाजारात आणले होते; मार्चमध्ये एएमडीने रायझेन नावाची नवी मालिका आणली. त्या वर्षी ज्याने पहिले स्थळ पत्करले आणि ज्याने दुसरे पत्करले, त्या दोघांच्या वाट्याला पुढील आठ वर्षांत फार वेगवेगळे भवितव्य आले. ते तसे का आले, हे समजण्यासाठी मात्र प्रथम ही दोन घराणी एकमेकांसमोर उभी कशी राहिली ते पाहिले पाहिजे.

इंटेलची स्थापना १९६८ साली रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर ह्यांनी केली. एएमडीची स्थापना त्यानंतरच्याच वर्षी जेरी सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. दोन्ही कंपन्यांचे संस्थापक कॅलिफोर्नियातील फेअरचाइल्ड ह्या एकाच कारखान्यातून बाहेर पडलेले होते. इंटेलने १९७१ साली ४००४ हा पहिला एकसंध प्रोसेसर विकावयास काढला, आणि १९७८ साली ८०८६ हा प्रोसेसर तयार केला. पुढील वर्षी त्याचीच ८०८८ ही स्वस्त आवृत्ती निघाली. तिच्या आतील कामकाज सोळा बिटांचे असले, तरी बाहेरच्या जगाशी ती आठ बिटांच्या वाटेने व्यवहार करी. त्यामुळे त्या काळी मुबलक मिळणारे स्वस्त साहाय्यक भाग तिच्याबरोबर वापरता येत.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने न्यूयॉर्कमध्ये आपला व्यक्तिगत संगणक जाहीर केला, तेव्हा त्याच्या पोटात हाच ८०८८ होता. मोटोरोलाचा ६८००० हा प्रोसेसर रचनेने अधिक प्रशस्त होता, असे पुष्कळ अभियंत्यांचे मत होते. तरीही खर्च, तयारी आणि सवय ह्या तिन्ही गोष्टी इंटेलच्या बाजूने पडल्या. मात्र आयबीएमसारखा मोठा ग्राहक एका लहान पुरवठादाराच्या भरवशावर राहावयास तयार नव्हता. हा प्रोसेसर बनवणारा दुसरा कारखाना असलाच पाहिजे, असा तिचा आग्रह होता. त्या आग्रहापायी इंटेल आणि एएमडी ह्यांच्यात १९८२ साली तंत्रज्ञानाच्या देवाणघेवाणीचा करार झाला. आज ग्राहकापुढे दोन पर्याय दिसतात, त्यांचे बीज ह्या एका सावध ग्राहकाच्या अटीत आहे. ती अट नसती, तर निवडीचा प्रश्न कदाचित निर्माणच झाला नसता.

पण करार झाला म्हणून सख्य झाले नाही. १९८५ साली इंटेलने ८०३८६ हा बत्तीस बिटांचा प्रोसेसर काढला आणि त्याची घडण एएमडीला देण्याचे नाकारले. आता इंटेलला दुसऱ्या कारखान्याची गरज उरली नव्हती. बाजारच तिच्या मागे धावत होता. १९८७ साली प्रकरण लवादाकडे गेले. एएमडीने स्वतःच्या प्रयत्नाने तयार केलेला ३८६ जातीचा प्रोसेसर १९९१ साली बाजारात आणला. १९९२ साली लवादाने तिच्या बाजूने निवाडा दिला, आणि १९९४ च्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १९९५ च्या आरंभी उभयतांनी तडजोड केली. साध्या ग्राहकाने ह्या खटल्यांची नावेही ऐकली नसतील. पण दुकानातल्या फळीवर दोन डबे शेजारी-शेजारी दिसतात, त्यामागे वकिलांची ही आठ वर्षांची झुंज उभी आहे.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. प्रोसेसरला जी आज्ञांची भाषा समजते ती एक गोष्ट आणि तो ज्या खोबणीत बसतो ती दुसरी. ८०८६ पासून चालत आलेली आज्ञांची भाषा ह्या दोन्ही कंपन्यांनी मोठ्या निष्ठेने सांभाळली. तिच्यात भर पडत गेली. पण जुने शब्द टाकून दिले गेले नाहीत. ह्याच्या उलट उदाहरण अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशचे. १९८४ साली तो मोटोरोलाच्या ६८००० वर निघाला, १९९४ साली पॉवरपीसीवर गेला, २००६ साली इंटेलवर आला आणि २०२० साली अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर स्थिरावला. प्रत्येक स्थलांतरात दुभाष्याचे काम करणारी सॉफ्टवेअर दिली गेली खरी. पण काही वर्षांनी दुभाषी काढून घेतला जाई आणि त्याच्याबरोबर जुनी कामेही बंद पडत. इंटेल-एएमडीच्या जगात भाषा टिकली. अल्पायुषी ठरली ती खोबण.

आणि तरीही एक काळ असा होता, की दोन्ही घराण्यांची खोबण एकच होती. १९९५ च्या सुमारास इंटेलने पेंटियमसाठी ३२१ छिद्रांची सॉकेट ७ ही खोबण वापरात आणली. तीच एएमडीने वापरली, तीच सायरिक्स नावाच्या तिसऱ्या कंपनीने वापरली. ग्राहकाने एकदा पाटी घ्यावी, आणि वेळ आली की तीत तिघांपैकी कोणाचाही प्रोसेसर बसवावा, अशी ती सोय होती. ह्या काळाच्या इतिहासात पुण्यात जन्मलेले एक नाव ठळकपणे येते, ते विनोद धाम ह्यांचे. इंटेलमध्ये पेंटियमच्या उभारणीत त्यांचा इतका मोठा वाटा होता, की त्यांना ‘पेंटियमचे जनक’ म्हणण्याचा प्रघात पडला. १९९५ साली इंटेल सोडून ते नेक्सजेन नावाच्या लहान कंपनीत गेले. थोड्याच काळात ती कंपनी एएमडीने विकत घेतली, आणि तिच्याच आराखड्यावरून १९९७ च्या एप्रिलमध्ये के ६ हा प्रोसेसर निघाला. हा के ६ सॉकेट ७ मध्येच बसत असे. पेंटियमसाठी घडवलेल्या खोबणीत पेंटियमचा प्रतिस्पर्धी येऊन बसला, आणि ज्यांचे नाव पेंटियमशी जोडलेले होते ते त्या वेळी प्रतिस्पर्ध्याच्या घरात होते!

इंटेलला हे मानवणे शक्य नव्हते. १९९७ च्या मे महिन्यात तिने पेंटियम २ आणला, तो खोबणीत आडवा बसणारा नव्हता; पट्टीच्या आकाराच्या चिरेत उभा खोचावयाचा होता. प्रोसेसरच्या जोडीला वेगवान मेमरी त्याच पट्टीवर ठेवता यावी, हे त्याचे तांत्रिक कारण खरेच होते. पण ह्या चिरेतून चालणारा विद्युत्-व्यवहार इंटेलच्या पेटंटांनी बांधलेला होता, आणि तो वापरण्याची मुभा एएमडीला नव्हती, हेही तितकेच खरे होते. त्या दिवसापासून दोन घराण्यांच्या खोबणी कायमच्या वेगळ्या झाल्या.

मागे राहिलेल्या सॉकेट ७ चे काय झाले? एएमडीने ती टाकली नाही. १९९८ साली तिचा वेग ६६ मेगाहर्ट्‌झवरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेला, के ६-२ आणि के ६-३ हे प्रोसेसर तिच्यासाठी काढले आणि ती आणखी दोन-तीन वर्षे चालवली. ज्यांच्याजवळ त्या पाट्या होत्या त्यांच्यापैकी पुष्कळांना थोडक्या खर्चात यंत्राचे आयुष्य वाढवता आले. ह्यात एएमडीचे औदार्य पाहण्याचा मोह होतो. वस्तुतः तिला दुसरा मार्गच नव्हता. नवी खोबण रूढ करण्याइतके बळ तिच्या अंगी अजून आलेले नव्हते. लोकांच्या घरी आधीच असलेली खोबण हेच तिचे भांडवल होते.

एएमडीला बळ आले ते १९९९ साली, अ‍ॅथलॉन प्रोसेसरमुळे. त्याच सुमारास इंटेलने एक महागडी चूक केली. नोव्हेंबर २००० मध्ये निघालेल्या पेंटियम ४ साठी तिने ४२३ टाचण्यांची नवी खोबण आणली आणि तिच्याबरोबर आरडीरॅम नावाची महाग मेमरी घ्यावयास लावली. ऑगस्ट २००१ मध्ये ४७८ टाचण्यांची दुसरी खोबण आली, आणि काही महिन्यांतच मेमरीचीही जात बदलली. पहिल्या लोंढ्यात ज्यांनी पेंटियम ४ घेतला, त्यांची खोबण वर्षभरही टिकली नाही. त्यांच्या यंत्रात दोष असा काहीच नव्हता. पण त्याला पुढे वाट उरली नव्हती.

पुढे चौसष्ट बिटांकडे जाण्याचा प्रश्न आला. इंटेलने इटेनियम ह्या अगदी नव्या भाषेच्या प्रोसेसरवर भिस्त ठेवली होती. एएमडीने मात्र जुन्याच भाषेला चौसष्ट बिटांचा विस्तार जोडला, आणि २००३ साली ऑप्टेरॉन व अ‍ॅथलॉन ६४ हे प्रोसेसर आणले. लोकांना जुनी सॉफ्टवेअर टाकून द्यावयाची नव्हती. त्यांनी एएमडीचा मार्ग पसंत केला. २००४ साली इंटेललाही तोच विस्तार स्वीकारावा लागला. आजवर ज्याची नक्कल केल्याचा आरोप एएमडीवर होई, त्याच भाषेत आता इंटेल एएमडीचे शब्द बोलू लागली.

ह्या विजयाच्या काळात एएमडी आपल्या ग्राहकांशी कशी वागली, हे पाहण्यासारखे आहे. २००३ साली तिने ७५४ टाचण्यांची खोबण आणली, २००४ साली ९३९ टाचण्यांची आणि २००६ साली ९४० टाचण्यांची एएम २. तीन वर्षांत तीन खोबणी! प्रत्येकीला तांत्रिक कारण होते: मेमरीची वाट दुहेरी करणे, मेमरीची नवी जात आणणे. कारणे खोटी नव्हती. परंतु जी कंपनी दुबळेपणी जुनी खोबण जिवापाड जपत होती, तीच हाती बळ येताच खोबणी सहज टाकू लागली, ही गोष्ट नोंदवल्यावाचून राहवत नाही.

२००६ च्या जुलैमध्ये इंटेलच्या कोअर २ प्रोसेसरने चित्र पुन्हा पालटले, आणि एएमडी पुन्हा जुन्या वळणावर गेली. २००९ साली निघालेल्या तिच्या एएम ३ जातीच्या प्रोसेसरांत मेमरीच्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही जाती सांभाळण्याची सोय होती, त्यामुळे ते आधीच्या पिढीच्या अनेक पाट्यांवरही चालत. त्याच वर्षी दोन्ही कंपन्यांमधील जुने तंटे मिटले. इंटेलने एएमडीला सव्वा अब्ज डॉलर दिले आणि परस्परांच्या परवान्यांचे नूतनीकरण झाले. परंतु २०११ साली एएमडीने आणलेली बुलडोझर ही रचना अपेक्षेला उतरली नाही. इंटेलच्या वरचढपणाला आव्हान उरले नाही, आणि तिच्या खोबणी ठरावीक अंतराने बदलू लागल्या: २००९ साली ११५६ संपर्कबिंदूंची, २०११ साली ११५५ ची, २०१३ साली ११५० ची, २०१५ साली ११५१ ची. सहा वर्षांत चार खोबणी. आणि ह्या सर्वांत सामान्य ग्राहकाला मिळणाऱ्या गाभ्यांची संख्या मात्र चारच्या पुढे गेली नाही. २०१५ साली एएमडीचा समभाग दोन डॉलरांच्याही खाली उतरला होता. ती कंपनी टिकते की नाही, ह्याचीच लोकांना शंका वाटत होती.

मार्च २०१७ मधील रायझेनचा जन्म ह्या पार्श्वभूमीवर झाला. त्याची एएम ४ ही १३३१ टाचण्यांची खोबण आदल्या वर्षीच तयार झाली होती, आणि ती २०२० पर्यंत चालवू असे वचन एएमडीने दिले. हे वचन म्हणजे हरत आलेल्या पक्षाने मांडलेला डाव होता. लोकांचा विश्वास गेला होता. तो परत मिळवण्यासाठी उद्याची हमी देणे भाग होते. ह्याउलट इंटेलने त्याच वर्षी ऑक्टोबरात आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले. त्यांचे संपर्कबिंदू तेवढेच, ११५१, आकारही तोच. पण जानेवारीत घेतलेल्या पाटीवर ते चालत नव्हते. अधिक गाभ्यांना वीजपुरवठ्याची वेगळी मांडणी लागते, असे कारण इंटेलने दिले. जानेवारीतील ग्राहकाची खोबण नऊ महिन्यांत बंद गल्ली ठरली.

एएम ४ चे भाग्य निराळे निघाले. आठ गाभ्यांनी सुरू झालेल्या त्या खोबणीत २०१९ च्या अखेरीस सोळा गाभ्यांचा प्रोसेसर बसू लागला. तोवर एएमडी पुन्हा वर आली होती; आणि वर येताच जुना स्वभाव पुन्हा डोकावला. मे २०२० मध्ये तिने जाहीर केले, की येणारी नवी पिढी त्या वेळच्या फक्त सर्वांत नव्या पाट्यांवरच चालेल. यंत्र सुरू करणारी बायोस ही आज्ञावली ज्या चिपमध्ये साठवतात, ती अनेक पाट्यांवर केवळ १६ मेगाबाइटांची असून एवढ्या साऱ्या प्रोसेसरांची ओळख तीत मावत नाही, असे कारण सांगण्यात आले. अडचण खरी होती, पण असाध्य नव्हती. कारण ग्राहकांनी मोठा गदारोळ करताच दोन आठवड्यांच्या आत कंपनीने निर्णय फिरवला. २०२२ साली तर अगदी पहिल्या, २०१७ च्या पाट्यांनाही ही मुभा मिळाली. वचन २०२० पर्यंतचे होते. त्या खोबणीसाठी नवे प्रोसेसर २०२४ सालीही निघत होते.

हा सारा क्रम नजरेसमोर ठेवला, की एक गोष्ट उघड होते. खोबणीचे दीर्घायुष्य हा कोणत्याही एका घराण्याचा कुलाचार नव्हे. जो मागे असतो तो जुने जपतो. जो पुढे असतो तो जुने टाकतो. इंटेलने बळ असताना टाकले, एएमडीनेही बळ असताना टाकले. आणि २०२० साली एएमडीला टाकता आले नाही, ते ग्राहकांच्या रेट्यामुळे. दीर्घायुष्य हे स्पर्धेचे फळ आहे, आणि ते फळ पदरात पाडून घेणारा शेवटी ग्राहकच असतो. १९८१ साली तो आयबीएम होता, २०२० साली हजारो सामान्य माणसे होती.

तथापि ह्यावरून इंटेलचे ग्राहक सरसकट फसले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. टिकणे दोन प्रकारचे असते. एक, यंत्र जसे घेतले तसेच वर्षानुवर्षे चालणे; दुसरे, त्यात भर घालून ते वाढवीत नेणे. २०११ च्या ११५५ खोबणीची असंख्य यंत्रे आहे त्या स्थितीत दशकभर बिनतक्रार चालली. ज्याला यंत्र उघडावयाचेच नाही, त्याला खोबण पुढे चालली काय किंवा थांबली काय, फरक पडत नाही. उलट रायझेनच्या पहिल्या दिवसांत मेमरीशी जुळवून घेण्याच्या तक्रारी पुष्कळ होत्या. वाढीची वाट लाभली, पण आरंभीचा त्रासही सोसावा लागला.

शिवाय निर्दोषपणाची मिरासदारी कोणाकडेच नाही. २०२३ साली एएमडीच्या नव्या खोबणीतील काही प्रोसेसर जादा विद्युत्‌दाबामुळे जळाल्याची प्रकरणे पुढे आली, आणि तो दाब मर्यादित करणाऱ्या बायोसच्या सुधारित आवृत्त्या द्याव्या लागल्या. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे दिसून आले. कंपनीने सुधारणा दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. दोन्ही प्रसंगी इलाज आला तो पाटी बनवणाऱ्याने दिलेल्या बायोसमधून. म्हणजे घराणी दोन असली, तरी सोयरिकीत तिसराही एक पक्ष असतो. पाटी बनवणारा जुन्या मालाची विचारपूस किती वर्षे करतो, ह्यावरही यंत्राचे आयुष्य अवलंबून असते.

चौथा पक्ष सॉफ्टवेअरचा. २०२१ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ प्रसृत केली. तिच्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढील प्रोसेसर होते, एएमडीची दुसरी रायझेन पिढी आणि त्यापुढील प्रोसेसर होते. २०१७ च्या जानेवारीतील इंटेल आणि मार्चमधील रायझेन, दोघेही यादीबाहेर राहिले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा आठ वर्षांपूर्वी दोन स्थळांपैकी एक निवडणारे ते दोघे ग्राहक एकाच उंबरठ्यावर येऊन उभे राहिले. दोघांचीही यंत्रे चालू होती. रायझेनवाल्याला खोबणीतील प्रोसेसर काढून त्याच पाटीवर नव्या पिढीचा बसवता येत होता. पाटी, मेमरी, पेटी सारे तेच ठेवून तो उंबरठा ओलांडू शकत होता. इंटेलवाल्याला लागणारी आठवी पिढी त्याच आकाराची, तेवढ्याच बिंदूंची असून त्याच्या पाटीवर चालत नव्हती. त्याला पाटीसकट प्रोसेसर बदलणे, मुदतवाढीचा तात्पुरता आधार घेणे किंवा लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली पत्करणे एवढेच मार्ग होते. खोबणीचा निर्णय एका वर्षी दोन कंपन्यांच्या बैठकीत झाला. त्याची किंमत आठ वर्षांनी ग्राहकाच्या मेजावर मोजली गेली.

त्यानंतरच्या ग्राहकापुढे स्थळे नवी आली, पण प्रश्न तोच राहिला. एएमडीने २०२२ साली १७१८ संपर्कबिंदूंची एएम ५ ही खोबण आणली. २०२४ मध्ये नवी पिढी तीतच बसवली, आणि २०२७ पर्यंत व पुढेही ती चालवू असे सांगितले. इंटेलची २०२१ ची १७०० बिंदूंची खोबण तीन पिढ्या चालली. तिच्यासाठी जुन्या आणि नव्या मेमरीच्या वेगवेगळ्या पाट्या निघाल्या, ही काटकसरी ग्राहकाची मोठी सोय होती. २०२४ च्या ऑक्टोबरात १८५१ बिंदूंची खोबण तिच्या जागी आली. ह्यांतील कोणते स्थळ अधिक चांगले, ह्याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर इतिहास देत नाही. तो एवढेच शिकवतो, की दिलेल्या वचनापेक्षा पाळलेले वचन मोलाचे धरावे. नव्या खोबणीच्या पहिल्या महिन्यात उडी घालणाऱ्याने ४२३ टाचण्यांची आठवण ठेवावी. ज्याला यंत्र वाढवीत न्यावयाचे आहे त्याने खोबणीच्या आरंभकाळी प्रवेश करावा, पण तिची एक पिढी पाहून. आणि ज्याला ते उघडावयाचेच नाही त्याने खोबणीच्या अखेरच्या काळी स्वस्त व अनुभवसिद्ध झालेला माल घेण्यास कचरू नये.

आणि ज्या दिवशी फळीवर दोनांऐवजी एकच डबा उरेल, त्या दिवशी ह्यांतील कोणताच सल्ला उपयोगी पडणार नाही. पेंटियम ४ च्या पहिल्या ग्राहकाला तरी दुसऱ्या दाराशी जाता येत होते. प्रोसेसर बदलतील, टाचण्यांची संख्या बदलेल. दुसरे दार उघडे राहणे ही खोबणीच्या आयुष्याची पहिली अट आहे, आणि ती १९८१ पासून बदललेली नाही.